ऑर्गनवाल्या बाई

“हात दाखवा!”

चर्चच्या दारात येणाऱ्याला बाईंचा पहिला हुकूम हाच. समोरच माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, हात कायम ग्रीसने काळे. त्यांनी मला ऑर्गनजवळ कधी फिरकू दिलं नाही.

चर्च इंग्रजांच्या काळातलं, जांभ्याचं. ऑर्गन विलायतेहून बोटीने आला आणि बंदरावरून बैलगाड्यांतून वर चढवला, असं बाई सांगत. साहेब गेले, मडमा गेल्या. उरली चार-पाच ख्रिस्ती घरं आणि शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. रविवारी त्यांचा भाऊ मागे बसून ऑर्गनच्या हवेचा भाता मारी, बाई वाजवत. वाजवत कसल्या, भांडत! तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, ऑर्गनने यांचं काय घोडं मारलंय?

गावात टीव्ही नुकते येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. भर दुपारी चर्चमधून किंकाळी आली. मी धावलो. दोघे जण ऑर्गनचे पाइप उपटायला घुसले होते. त्यात शिसं असतं. मासेमारीच्या जाळ्यांना वजनं करायला ते खपतं. बाईंनी पितळी मेणबत्तीदान एकाच्या डोक्यात घातलं होतं. दुसऱ्याने पहारीने त्यांचा उजवा हात ठेचला आणि पाइप घेऊन पळाला.

डोकं फुटलेला पोरगा फाटकाशी सापडला. माणसं तुटून पडली. लाथा, बुक्के, एकाने तर माझ्याच दुकानातला पाना उचलून आणला. पोराचे दात पायरीवर पडले.

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. पदरात गुंडाळलेल्या हातातून रक्त ठिबकत होतं. गर्दीत घुसून त्यांनी डाव्या हाताने त्याच्या मुस्काटात भडकावली. मग वळून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

“माझं झालं. आता कुणी हात लावायचा नाही.”

“बाई, तुमचा हात मोडला त्यांनी!” कुणीतरी ओरडलं.

“माझा मोडला ना? तुमचा नाही ना? मग घरी जा!”

त्यांची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. तरी त्या एका डाव्या हाताने वाजवत राहिल्या. चोरीला गेलेल्या पाइपांच्या जागी नुसती हवा फुसफुसे. तिथे बाई भसाड्या आवाजात तो सूर स्वतः गात. सुरुवातीला लोक तोंड लपवून हसले. नंतर कुणी हसेना.

बाई गेल्या तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला वाजवायला मुंबईहून एक गृहस्थ आले. चर्च भरलं होतं, मीही मागे उभा होतो. ते छान वाजवत होते. मधेच हवा फुसफुसली. आम्ही सगळे त्या सुरासाठी थांबलो. कुणीच गायलं नाही.