डाव्या गुडघ्यावरची नीकॅप

माझ्या आत्याइतकी खरं बोलणारी बाई अख्ख्या ठाण्यात नाही, आणि तिच्या गुडघ्यांइतके खोटारडे गुडघे पार कल्याणपर्यंत शोधून सापडायचे नाहीत. आत्या चौसष्ट वर्षांची, नौपाड्यात राहणारी, टेबल टेनिसच्या साठीवरच्या गटात दर वर्षी स्पर्धेला उतरणारी. टेबल टेनिस म्हणजे उभ्याने खेळायचा कॅरम असं ज्यांना वाटतं त्यांना माझं जाहीर आवाहन आहे: टाचा किंचित उचला, गुडघे वाकवा, पुढे झुका आणि दहा मिनिटं तसेच उभे राहा. मधूनच डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात उडी मारा आणि परत या. मग आपण कॅरमबद्दल बोलू.

आत्या हे दिवसभर करते. पोळ्या अर्ध्या बैठकीत लाटते, ओट्यापासून फ्रीजपर्यंत खेकड्यासारखी आडवी सरकते. एकदा भाजी घेताना अशीच दुधीपासून गवारीपर्यंत सरकली, तेव्हा भाजीवाल्याने घाबरून तिच्यासाठी स्टूल काढलं. कणीक डाव्या हाताने मळते, कारण उजवं मनगट स्पर्धेचं आहे. सामन्याच्या हॉलमध्ये बॉल हलतो म्हणून पंखे बंद ठेवतात, म्हणून सरावासाठी स्पर्धेआधी महिनाभर घरातलेही बंद. चुलतभावाच्या सासरची मंडळी ऐन मे महिन्यात जेवायला आली, तर ती श्रीखंडाआधीच घामाघूम होऊन उठली. आत्याचं म्हणणं, त्यांचा स्टॅमिना कमी. आणि तिच्या फ्रीजरमधले मटार आजवर कुणी खाल्लेले नाहीत. ते पाकीट रोज संध्याकाळी गुडघ्यावर ठेवायचं असतं.

उजव्या गुडघ्यावर. हे गुपित होतं. उजवा गुडघा झिजलाय, जाळीजवळ उजवीकडे छोटा बॉल आला की तोच पाय टेबलाखाली खुपसून वाकावं लागतं आणि तिला ब्रह्मांड आठवतं. म्हणून आत्या नीकॅप घालायची ती चांगल्या, डाव्या गुडघ्यावर. समोरची बाई ती बघून सगळे बॉल डावीकडे टाकायची, आणि डावीकडे आत्याचा बॅकहँड भिंतीसारखा उभा असायचा. खोटं एक अक्षर बोलायची नाही. फक्त चुकीच्या पायाला नीकॅप. या एका युक्तीवर तिने तीन कप आणले.

गेल्या वर्षी स्पर्धा डोंबिवलीत होती. साठीवरच्यांचा गट, हॉल तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद! माझं डोकंच फिरलं. फुटपाथ, पाणी, घोडबंदर रोडचे खड्डे, सगळ्यांवर पत्रकं काढलेली मी, इथे गप्प बसणार? रातोरात मजकूर लिहिला, दोनशे प्रती काढल्या आणि सकाळी जिन्यातच वाटत उभी राहिले. पत्रकात ठोस उदाहरण हवंच, नाहीतर लोक वाचत नाहीत. मी दिलं. ठळक अक्षरात. ‘नौपाड्याच्या ज्येष्ठ खेळाडू उजवा गुडघा पूर्ण झिजलेला असताना तीन मजले चढत आहेत, याची लाज कुणाला?’

आत्याच्या समोर डोंबिवलीच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. बाईंनी पत्रक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं, आणि पहिल्याच सर्व्हिसपासून बॉल जाळीजवळ उजवीकडे. दुसराही तिथेच. तिसऱ्याला आत्याने गॅलरीत माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं मी काय करून बसले ते. तरी ती चार गेम लढली. पाचव्यात पाय टेबलाखाली गेला तो लवकर वर आलाच नाही.

मी जिन्यात रडत माफी मागितली. आत्या मागे तोंड करून एकेक पायरी उतरत होती, उजवा गुडघा तसा कमी दुखतो. म्हणाली, “शुद्धलेखन चांगलं होतं गं. पण पुढच्या वेळी छापायच्या आधी मला दाखव.”

पत्रकाने काम केलं. यंदा लिफ्ट चालू झाली. आत्याने मात्र नाव दिलं नव्हतं; डॉक्टरांनी खेळ बंद केलाय. आम्ही दोघी नुसत्या बघायला गेलो, तर लिफ्टमध्ये माझं लक्ष गेलं: डाव्या गुडघ्यावर नीकॅप.

“आता कुणाला फसवायचंय, आत्या?”

“पुढच्या वर्षी मी पासष्टीवरच्या गटात जाते,” ती म्हणाली. “त्या बायकांनी तुझं पत्रक वाचलेलं नाही.”

तिसरा मजला आला, दार उघडलं. बाहेर पाऊल टाकताना तिने उजव्या हाताने माझा खांदा धरला. तिने त्या खांद्यावर किती भार टाकला, हे मी कुठल्याही पत्रकात लिहिणार नाही.