फायलीतून काढलेलं पान

चेन्नईत माझ्याकडे दोन बिनपगारी कामं होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तिरुवल्लिकेणीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतल्या समुपदेशन केंद्रात बसून लोकांची दुःखं ऐकायची, आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये लग्नाळू मुलामुलींची फाईल सांभाळायची. नवरा बँकेत, लेक हॉस्टेलला, आणि वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये एकटी मी. भिंतींशी तरी किती बोलणार? समुपदेशनाचा डिप्लोमा नागपूरला असतानाच केलेला होता. नवरा म्हणायचा, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुला सांगितलंय कुणी?" मी म्हणायचे, "तुमच्या वाटच्या झाकून ठेवल्यात, त्या जेवून घ्या."

या दोन कामांचं एकमेकांशी जमणार नाही, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच नाही. उलट मला त्याचा अभिमान होता. एकीकडे संसार विस्कटलेले येतात, दुसरीकडे मांडायचे असलेले, आणि मध्ये मी. मंडळात सगळे मला "समुपदेशनवाल्या" म्हणायचे आणि केंद्रात सगळे "लग्नं जुळवणाऱ्या". माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं, म्हणून केंद्रात हिंदी, इंग्रजी आणि चुकून कधी मराठी बोलणारा आला, तर त्याला माझ्याकडे पाठवायचे.

तिरुवल्लिकेणीत मॅन्शन नावाच्या इमारती आहेत. नाव मोठं, पण आत एका खोलीत तीन-चार सडेफटिंग पुरुष. नोकरीसाठी गावाकडून आलेली ही पोरं आमच्याकडे यायची. झोप लागत नाही, नोकरीत मन लागत नाही, असं सांगायची, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला एखादा खाली बघत म्हणायचा की मला मुली आवडत नाहीत, मुलगे आवडतात. मग आम्ही काय करायचो? व्यायाम कर, देवळात जा, घरच्यांना मुलगी बघायला सांग. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी स्वतः रेल्वेतल्या एका कारकुनाला छातीठोकपणे सांगितलं होतं की लग्नानंतर सगळं आपोआप जागेवर येतं. त्याने माझे आभार मानले, आणि तो पुन्हा आला नाही. त्याच्या कागदावर मी "समाधान झाले" असं लिहून टाकलं होतं.

केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हे ध्यानात आलं असावं. त्या वर्षी त्यांनी फर्मान काढलं की केंद्रातल्या झाडून साऱ्या समुपदेशकांनी आठ शनिवार प्रशिक्षणाला बसायचं. शिकवायला आला तो तिशीतला, काटकुळा, खदाखदा हसणारा एक तमिळ मुलगा. पहिल्या दिवशी उभा राहून म्हणाला, "मी समलिंगी आहे. माझा नाश्ता झालेला आहे. दोन्हींबद्दल माझी काही तक्रार नाही. आता विचारा काय विचारायचं ते." आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी आधी नाश्त्याला काय खाल्लं ते विचारलं.

त्याच्यासमोर स्टीलचा एक टंबलर आणि चमचा असायचा. तो दुःख सांगायला आलेला माणूस व्हायचा, आमच्यातलं कुणीतरी समुपदेशक. आणि समुपदेशकाने सल्ला दिला रे दिला की तो टंबलरवर टण्ण करायचा. मुख्याध्यापिका बाईंची पाळी आली. "आईवडिलांचा विचार केलास का?" टण्ण. "वय काय तुझं?" यावर नाही वाजला, तेवढ्यानेच बाई खूश झाल्या. "मग वेळेवर लग्न..." टण्ण. आठव्या टण्णला बाई उठून उभ्या राहिल्या. "मग मी इथे बसून करायचं काय? भरतकाम?"

"ऐका," तो म्हणाला.

"ऐकून झालं. पुढे?"

"पुढेही ऐका."

आम्ही पोट धरून हसलो. पण बाईंइतकाच राग मलाही आला होता. इतकी वर्षं चांगलं काम करतो आहोत असं वाटत असताना हा कालचा मुलगा येऊन टंबलर वाजवतो म्हणजे काय! तो सांगत होता ते तसं साधंच होतं. माणूस बिघडलेलाच नाही, तर तुम्ही दुरुस्त काय करणार? त्याच्या मनात इतरांनी भरलेली लाज हळूहळू उपसायची. कायदा तेव्हा त्यांच्या बाजूने नव्हता, घरचेही नव्हते, म्हणून कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे त्याचं त्यानेच ठरवायचं. तो ठरवेपर्यंत आपण सोबत करायची. तिसऱ्या शनिवारी घरी जाताना बसमध्ये मला तो रेल्वेतला कारकून आठवला, आणि मी खिडकीकडे तोंड करून रडले. कंडक्टरने तिकीट दिलं आणि शिट्टी वाजवली.

प्रशिक्षण संपलं आणि पंधराच दिवसांत माझी परीक्षा दारात येऊन उभी राहिली. शुक्रवारी दुपारी एक मुलगा आत आला, मला बघितलं आणि दारातच थबकला. "मामी! तुम्ही हिकडे?"

मीही गार पडले. चेन्नईत साडीतली कुठलीही बाई मामी असते, पण हा खरंच ओळखीचा होता. तंजावरकडच्या मराठी घरातला, गिंडीच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर. त्याची आई मंडळात नेमाने यायची, आणि त्याचं नाव, पत्रिका, फोटो, सगळं माझ्या फायलीत होतं. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाकडे बसायचं असेल तर सांग, मला राग येणार नाही." त्याने दोन मिनिटं विचार केला. मग म्हणाला, "परवायिल्ले, मामी," म्हणजे असू दे, आणि बसला.

ती मंडळी तीनशे वर्षांपूर्वीची मराठी तमिळच्या चालीवर बोलतात. ऐकायला इतकी गोड की वाईट बातमीसुद्धा वाईट वाटत नाही. "मज लग्न नको, मामी. मज एक जण आहे. चार वर्षं झालीं. तोही मुलगाच आहे." एवढं बोलून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी ऐकलं. पुढेही ऐकलं. तासभर मी एकही सल्ला दिला नाही. जाताना तो म्हणाला, "आज बरं वाटतंय." मी जिना उतरले ती तरंगतच.

आता माझा पराक्रम ऐका. लगेचच्या रविवारी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. अंबत्तूरच्या एका मुलीच्या वडिलांनी याच मुलाची पत्रिका मागितली होती. मी फाईल उघडली, त्याचं पान बघितलं, आणि मला वाटलं, हे मी आता कुठल्या तोंडाने पुढे करू? त्या मुलीचं काय? आणि याचं काय? दोघांच्याही आयुष्याचं वाटोळं करायला मी इथे बसले आहे का? मी ते पान काढलं, चौघडी केली आणि पर्समध्ये टाकलं. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

कुणाला विचारलं? कुणालाच नाही. ज्याचं पान होतं त्यालाही नाही.

तासाभराने त्याची आई आली. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि तिने सहज म्हणून फाईल ओढली. प्रत्येक आई तेच करते. आधी आपल्या मुलाचा फोटो बघते आणि मग इतरांच्या मुली. पानं पुढे उलटली, मागे उलटली.

"माझ्या मुलाचं पान कुठें?"

पंधरा-वीस बायकांच्या माना वळल्या. "भिजलं होतं," मी म्हटलं. "नवीन लिहायला काढून ठेवलंय."

"कोणी काय सांगितलं काय त्याचं?" तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "माझ्या मुलांत काय खोट आहे म्हणून काढलांत?"

नाही नाही, असं काही नाही, मी शंभरदा म्हटलं. तिने माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला, तिथेच सतरंजीवर बसून जन्मवेळ, गोत्र, उंची, पगार सगळं सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढलं आणि कागद स्वतःच्या हाताने फायलीत लावला. मला हात लावू दिला नाही. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. फरक एवढाच की अवलक्षण माझं आणि भोगायचं त्याने.

शुक्रवारी तो आला आणि खुर्चीत बसलाच नाही. "मामी, सत्तावीस वर्षं घरांत मज कोणी काय विचारलं नव्हतं. आतां आई रोज विचारते. तूं काय केलास म्हणून त्यांनीं पान काढलं? ऑफिसांत काय झालं? दारू पितोस काय? जेवायला बसलों कीं विचारते. बाप्पा फोन तपासतात." बाप्पा म्हणजे त्याचे वडील.

मी त्याला अंबत्तूरच्या मुलीचं सांगायला लागले. त्याने मला मध्येच तोडलं. "तिचं मज कळत नाहीं म्हणतां? मी नाहीं म्हणून सांगणारच होतों. तिला फसवायचं माझ्या मनांत कधींच नव्हतं. पण कसं सांगायचं, कधीं सांगायचं, तेवढं एक माझ्या हातांत होतं, मामी."

मला आयुष्यात बरेच लोक ओरडले आहेत आणि मी बहुतेकांना सव्याज परत केलं आहे. त्या दिवशी मात्र तोंड उघडलं तर एवढंच निघालं, "माझं चुकलं रे. फार चुकलं." मग मी विचारलं, जे आधीच विचारायला हवं होतं, "तुला काय हवंय? मी काय करू?"

"काय करूं नका," तो म्हणाला. "पान राहूं दे. अंबत्तूरला मी स्वतः सांगतों. आईस पण मीच सांगतों. माझ्या वेळेस."

नाव-गाव न सांगता मी हा प्रकार त्या टंबलरवाल्या मुलाच्या कानावर घातला. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "तोंडाने सल्ला देऊ नका म्हटलं, तर तुम्ही हाताने दिलात." मग माझा चेहरा बघून त्याने खाली सांगून दोन कॉफी मागवल्या आणि फाईल दुसऱ्या कुणाकडे सोपवा, असं सुचवलं. त्यावर मीच टेबलावर टण्ण केलं. पण त्याचं बरोबर होतं, आणि पुढच्या महिन्याच्या रविवारी फाईल सोडायची, हे मी तिथेच कबूल केलं.

मधला महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. गप्प बसणं हा आमच्या घराण्याचा गुण नाही. तो शुक्रवारी यायचा, कधी बोलायचा, कधी नुसता बसायचा. आईला सांगितलंस का, हा प्रश्न माझ्या जिभेवर यायचा आणि मी तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचे. मग दोन शुक्रवार तो आलाच नाही. फोन करायची सोय नव्हती, कारण त्याचा फोन वडील तपासायचे, म्हणून फोन करायचाच नाही असं आमचं ठरलेलं होतं. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्याची आई एकटीच आली. सगळ्या जाईपर्यंत मागच्या खुर्चीवर बसून राहिली. मग उठून माझ्याजवळ आली, फाईल उघडली आणि स्वतःच्या अक्षरातलं ते पान काढून घेतलं.

"सांगितलं त्यानं," ती म्हणाली. "मी कॉफी गाळत होतें. तीन दिवस मी त्याच्याशीं बोललें नाहीं. चौथ्या दिवशीं तो न जेवतां कामावर निघाला, तर मज राहवलं नाहीं. डबा घेऊन जिन्यांत धांवलें."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हांस ठाऊक होतं?"

हो म्हटलं तर तो माझ्याकडे आला होता हे उघडं पडतं, आणि ते सांगायचं की नाही हे त्याचं होतं. नाही म्हटलं तर या बाईशी दुसऱ्यांदा खोटं. मी फायलीची दोरी बांधत राहिले. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. इतकी अवघड गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही.

"नका सांगूं," ती शेवटी म्हणाली. पदराने चेहरा पुसला, पान पिशवीत ठेवलं आणि दारापर्यंत गेली. तिथून वळून, कुणी ऐकत नाही ना हे बघून, तिने हळूच विचारलं, "तुमच्या त्या तिरुवल्लिकेणीस असल्या मुलांच्या आया पण येतात काय, मामी?"

"येतात की," मी म्हटलं.

तोवर एकही आली नव्हती.