चांदवडच्या अलीकडचा पंप

हे गेले त्यानंतरही मी ह्यांचा फोन चालू ठेवला होता. कारण साधं होतं. बँकेपासून गॅसपर्यंत प्रत्येक ठिकाणी ह्यांचाच नंबर दिलेला, आणि सगळे ओटीपी त्यावरच येत. फोन स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी असायचा. सुरुवातीला लोकांचे मेसेज येत, मग ते थांबले. मग नुसत्या जाहिराती.

गाडी मात्र विकली. मला चालवता येत नव्हती, आणि दारात उभी बघवत नव्हती. इलेक्ट्रिक गाडी, ह्यांनी फार हौसेने घेतलेली. कोल्ड स्टोरेजची यंत्रं दुरुस्त करायचा ह्यांचा व्यवसाय होता, आणि दर गुरुवारी नाशिकहून मालेगावकडे फेरी असायची. येताना चांदवडच्या अलीकडे हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर गाडी चार्जिंगला लावायची आणि मला फोन करायचा, हा नेम. "लावली गं गन," एवढंच म्हणायचे आधी; गन म्हणजे चार्जिंगची नळी. मग हे सीट मागे पाडून टेकायचे आणि गाडी भरेपर्यंत आम्ही बोलत बसायचो. घरी समोरासमोर आम्ही इतकं कधी बोललो नसू.

एका डीलरमार्फत गाडी गेली. कोणी घेतली ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी मी मेथी निवडत होते, आणि ह्यांचा फोन वाजला. चार्जिंगच्या अ‍ॅपचा मेसेज होता. 'तुमची गाडी चार्ज होत आहे.' खाली पंपाचं नाव. तोच पंप. आणि वार गुरुवार.

मी तशीच बसून राहिले. हाताला मेथीचा वास येत होता, आणि समोर पडद्यावर टक्के एकेक करून चढत होते.

थोड्या वेळाने डोकं चालायला लागलं. गाडीची ओळख ह्यांच्या खात्यात नोंदवलेली होती. त्या पंपावर गन लावली की यंत्र गाडीला ओळखतं आणि आपोआप सुरू होतं. वर्षभराची वर्गणी ह्यांनी आधीच भरून ठेवली होती. नव्या मालकाला वाटत असेल, असंच असतं. सगळं समजलं. तरी पुढच्या गुरुवारी दुपारी मी कुठे बाहेर गेले नाही.

मेसेज आला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आला. तोवर मला सवयच लागली. मी चहा करून फोनसमोर बसायची. आकडा चढताना पाहायचा. भरली की 'चार्जिंग पूर्ण' असं यायचं, आणि पाच-दहा मिनिटांत 'गन काढली' असा शेवटचा मेसेज. मग मी कप विसळायला उठायची. बहिणीला एकदा सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, ते खातं बंद कर आधी. हे चांगलं नाही." मी हो म्हटलं आणि केलं नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी 'चार्जिंग पूर्ण' आलं, आणि पुढचा मेसेज आलाच नाही.

मी वाट पाहिली. चहा संपला. मग अ‍ॅपने 'कृपया गाडी हलवा' असं सांगितलं. पुन्हा सांगितलं. माणूस जेवायला बसला असेल, कोणी भेटलं असेल, मी स्वतःची समजूत घालत होते. पण हे गेले त्या गुरुवारीही असंच झालं होतं. फोन करायची वेळ टळून गेली होती, आणि मी म्हणत होते, काम लांबलं असेल.

अ‍ॅपमध्ये पंपाचा नंबर होता. मी माझ्या फोनवरून लावला. एका बाईंनी उचलला. मागे ट्रकांची घरघर चालू होती.

"तुमच्याकडे चार्जिंगला एक पांढरी गाडी लागलीय ना?" मी विचारलं. "बराच वेळ झाला, ती निघालेली नाही. जरा बघता का?"

"हो मॅडम, निघालेच मी," त्या जराशा वैतागून म्हणाल्या. "आत्ताच सांगितलं ना साहेबांना, गिऱ्हाईक सोडून बघते म्हणून."

"कोणत्या साहेबांना?"

"आत्ता फोन आला व्हता ना त्यांचा. तुमच्याकडलेच असतील. थांबा, फोन ठेवू नका."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग नुसता हायवे ऐकू येत राहिला. मी कानाला फोन धरून उभी होते, आणि कितीतरी वेळ ओट्यावरच्या फरशीकडे बघत होते. मग लांबून आरडाओरडा ऐकू आला. काच फुटल्याचा आवाज आला. त्या बाई धापा टाकत परत आल्या.

"एक बाबा हायेत आत. उठत नाय. एसी चालू, काचा बंद, लय घाम आलाय त्यांना. टँकरच्या ड्रायव्हरनं पान्यानं काच फोडली. जीपमधून चांदवडला नेतायत."

"जिवंत आहेत?"

"श्वास चाललाय," त्या म्हणाल्या आणि फोन कट झाला.

मी खाली बसले. ह्यांच्या फोनवर मेसेज आला, 'गन काढली'.

संध्याकाळी मी पुन्हा पंपावर फोन केला, गाडी ह्यांच्या खात्यावर आहे ते सांगून माझा नंबर दिला, तेव्हा कळलं की म्हातारबाबा शुद्धीवर आलेत. साखर एकदम उतरली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. चांदवडला त्याचं शेतीच्या औषधांचं दुकान. गाडी त्यानेच घेतलेली, पण चालवायचे जास्त करून वडील. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. दर गुरुवारी नाशिकला मुलीकडे सकाळी जायचे आणि परतताना त्या पंपावर थांबायचे. "तुम्ही फोन केला म्हणून वाचले," तो म्हणाला. "त्यांना तुम्हाला भेटायचंय. पण गाडी तुमच्या साहेबांच्या खात्यावर चालतेय हे आम्हाला माहीतच नव्हतं. साहेबांनाही आमचा नमस्कार सांगा."

हे आता नाहीत असं मी सांगितलं, तेव्हा त्याने माफी मागितली, आणि पंपावरच भेटायचं ठरलं.

मी एसटीने गेले. मला तो पंप एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. हायवेला लागून पंप, आणि चार्जिंगचं यंत्र अगदी कडेला, बंद पडलेल्या एका ढाब्याच्या भिंतीशी. तिथे सहसा कोणी फिरकत नसावं. गाडी उभी होती, नवी काच बसवलेली. यंत्राचा पंखा एकसारखा घुमत होता, बाकी काही आवाज नाही. एवढ्या मोठ्या रस्त्याच्या काठावर एवढी शांत जागा असेल असं वाटलं नव्हतं. ह्यांच्या फोनमध्ये मागे ऐकू यायची ती घुमघुम हीच, हे तिथे उभं राहिल्यावर ध्यानात आलं.

म्हातारबाबा गाडीतून उतरले आणि वाकून नमस्कार करायला लागले. मी घाईने त्यांचे हात धरले.

"ताई, मला काय बी कळलं नाय," ते म्हणाले. "गन लावली, आत बसलो. सीट मागं गेली. ती जातीच, चार्जिंगला लावली की आपसूक मागं जाती, मी दर वेळी पुढं घेतो. त्या दिवशी हातच उचलंना. मग कोणीतरी शेजारी फोनवर बोलतंय असं वाटत व्हतं. हळू. गप्पा मारल्यागत. मला वाटलं, पोरगा आला."

"मी कुठं होतो, आबा? मी तर दुकानात होतो," मुलगा म्हणाला.

पंपावरच्या बाई आल्या. चाळिशीच्या असतील, पंपाचा निळा शर्ट, डोक्याला रुमाल बांधलेला. मी त्यांना पहिल्या फोनबद्दल विचारलं.

"माणसाचाच आवाज व्हता, मॅडम. चांगले बोलले. म्हणाले, 'ताई, गाडीत माणूस आहे, जरा बघता का?' मी म्हटलं, बघते. ठेवला अन् लगेच तुमचा आला."

मुलाने चार्जिंग कंपनीच्या हेल्पलाइनला विचारून पाहिलं होतं. ते म्हणाले, आम्ही असे फोन करत नाही, फक्त मेसेज जातात. मग कोणी जाता-येता पाहिलं असेल आणि घाईत थांबला नसेल, असं आम्ही ठरवलं. असेलही. बोर्डावर पंपाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेलाच आहे. बाई मात्र मान हलवत राहिल्या. "गाडीत माणूस हाय हे रस्त्यावरून दिसत नाय," त्या म्हणाल्या. "या भिंतीमुळं दिसतच नाय."

परतायला एसटी धरते म्हटलं, तर मुलगा ऐकेना. नाशिकला सोडतो म्हणाला. म्हातारबाबा मागे बसले आणि मला पुढे डावीकडे बसवलं. मी किती दिवसांनी त्या सीटवर बसले होते! पिंपळगाव गेलं, ओझर गेलं. नाशिकात द्वारका चौकाच्या पुलावर आलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती.

"पत्ता सांगा, मॅडम," मुलगा म्हणाला, आणि मग पडद्याकडे बघून थांबला. "यात 'घर' म्हणून एक आधीपासून आहे. इंदिरानगरचं. आम्ही कधी काढलं नाही. तुमचंच ना?"

"लावा," मी म्हटलं.

त्याने बोट टेकवलं. गाडी ह्यांच्या रस्त्याने निघाली. मोठा चौक टाळून, शाळेमागच्या गल्लीतून, जिथून फक्त हेच जायचे. नवख्या माणसाला कोणीही तो रस्ता सांगणार नाही. मुलगा मुकाट्याने वळत राहिला. फाटकासमोर गाडी थांबली, आणि पडद्यावरचा नकाशा निर्विकार बाईच्या आवाजात म्हणाला की आपण घरी पोहोचला आहात.

मागून म्हातारबाबा हळूच म्हणाले, "उतरा ताई, सावकाश. आम्हाला घाई नाय."

मी दाराला हात लावला होता. पण लगेच उतरावंसं वाटलं नाही. आणि त्या दोघांनीही मला पुन्हा सांगितलं नाही.