काळ्या मातीतला दहावा हिस्सा

माझ्या शाळेच्या वर्षांत देवासला पिण्याचं पाणी रेल्वेच्या वाघिणींतून येत असे. घरात आम्ही मराठी बोलत असू, शाळेत हिंदी. पाण्याच्या रांगेतली भांडणं मात्र माळवी बोलीत होत. पुढे मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं, त्याचं मूळ बहुधा त्याच रांगेत असावं.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी जिल्ह्यातल्याच लोहारदा गावाजवळ शेत घेतलं. आयुष्य यंत्रांबरोबर काढलेला माणूस. पाणी लागलं नाही की ते आणखी खोल बोअर घेत. सगळे बोअर आटले. गहू बंद पडला, नुसत्या सोयाबीनवर शेताचा खर्च निघेना, आणि इंदूरचं एक गिऱ्हाईक दारात येऊ लागलं. एका उन्हाळ्यात बाबांनी जाहीर केलं, की येत्या हिवाळ्यातही गहू झाला नाही तर होळीनंतर शेत विकायचं.

मी उपाय मांडला : शेताच्या दहाव्या हिश्श्यात तलाव खोदायचा. जिल्ह्यात तसे तलाव होऊ लागले होते. बाबा तयार झाले आणि त्यांनी लगेच रस्त्याकडेचा मुरमाड कोपरा दाखवला, जिथे काहीच उगवत नव्हतं.

"तिथे नाही, बाबा. मुरमातून पाणी झिरपून जाईल. तलाव इथे."

मी उभी होते ती शेतातली सर्वांत काळी, चिकण माती. भिजली की ती फुगते आणि तळ आपोआप बंद करते. शिवाय सगळ्या शेताचा उतार तिकडेच होता.

"सोन्यासारखी जमीन बुडवू?"

"सगळी विकण्यापेक्षा दहावा हिस्सा बुडवणं परवडेल."

बाबांनी तिथलं एक काळं ढेकूळ उचलून पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या आईला तूच सांग."

आईने शांतपणे ऐकलं. "एवीतेवी विकायलाच निघाला आहात ना? मग खोदा."

खोदकाम सुरू होताच शेजारचा शेतकरी बांधावर येऊन बसला. "कई भिया, अबे गऊं की जगे मच्छी खाओगा?" गव्हाच्या जागी मासे, या विनोदावर स्वतःच हसून तो माझ्याकडे वळला. "मैडमजी, नाव भी ले आना."

त्याच पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. पाऊस संपल्यावर मी पाण्यातल्या खुणेच्या काठीवर लक्ष ठेवलं. पातळी उतरत होती ती उन्हाने. तळ घट्ट होता. गहू पेरला गेला. पाण्याच्या शेवटच्या पाळीला बाबांना तलाव पूर्ण उपसायचा होता, पण तळ उन्हात तडकू नये म्हणून मी थोडं पाणी राखायला लावलं.

त्या राखलेल्या पाण्यावर चक्रवाक पक्षी उतरले. बातमी इंदूरपर्यंत गेली, आणि रविवारी लोक दुर्बिणी घेऊन येऊ लागले. शेजाऱ्याच्या घरच्या बायकांनी आमच्या त्या मुरमाड कोपऱ्यातच चहा आणि भाजलेल्या ओल्या हरभऱ्याचं दुकान थाटलं. हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर नीलगाईही आल्या आणि गव्हाची एक कड फस्त करून गेल्या. गाड्या गाणी वाजवत तलावाच्या काठापर्यंत येऊ लागल्या, तेव्हा त्या रस्त्यावरच थांबवायचा नियम आम्ही केला. तो चहावाल्या बायकांनी माझ्याहून कडकपणे राबवला. पक्षी उडाले की त्यांचं गिऱ्हाईक जात होतं.

होळीनंतर इंदूरचं गिऱ्हाईक ठरल्याप्रमाणे आलं. बाबांनी त्याला उभं पिवळं पीक दाखवलं, तलाव दाखवला, कोपऱ्यावरचा चहा पाजला आणि परत पाठवलं.

मागोमाग शेजारी आला. या वेळी बांधावर न बसता तो थेट माझ्यापाशी आला. "मैडमजी, म्हारा खेत में भी तलाव की जगे बतई दो." आणि त्याने त्याच्या शेतातला सर्वांत निकामी, खडकाळ तुकडा दाखवला.

मी तोंड उघडण्याआधीच बाबा म्हणाले, "वहाँ नहीं भिया, मुरम है. पानी टिकेगा नहीं." आणि बांध ओलांडून ते त्याच्या सर्वांत काळ्या वावरात जाऊन उभे राहिले.