खळ्यावरची सवय आणि शेवटची तार

चूक माझीच होती, आणि ती मी लाजेपायी केली, हे कबूल करायला आजही जिवावर येतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मोखाड्याजवळच्या आमच्या पाड्यावरून निघून मी शहरात पीएचडी करत होते. विषय अतिसंवाहक नॅनोतारा. केसाच्या जाडीचे हजारो भाग करा, त्यातल्या एकाएवढी तार! अशा धातूची जाड तार द्रव हेलियमने गार केली की तिचा रोध पार शून्य होतो, वीज बिनबोभाट धावते. इतक्या बारीक तारेत मात्र थोडा रोध उरतो, कारण वाहत्या विजेची लय मध्येच क्षणभर घसरते. हे उष्णतेमुळे होत असेल तर आणखी गार केल्यावर थांबायला हवं. थांबलं नाही, तर तो पुंजभौतिकीचा खेळ. एवढं दाखवलं की मला पदवी.

पहिल्या वर्षी आमचं यंत्रच पुरेसं गार होत नव्हतं, पण माझी एकही तार जळली नाही. दारात चपला काढायच्या, कामाला बसण्याआधी वाकून भुईला हात टेकायचा, तो कपाळाला लावायचा, ही माझी घरची सवय. फरशीवर रबर अंथरलेलं. त्याला काय नमस्कार करायचा! म्हणून मी भिंतीलगतच्या अर्थिंगच्या तांब्याच्या पट्टीला हात लावायचे. ती तरी खाली मातीपर्यंत जाते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणायचा, “आल्या पुजारीणबाई!” सगळे हसायचे. मी मुळात तापट, पण तिथे तोंड उघडवेना. दुसऱ्या वर्षी मी सवयच सोडली.

यंत्र सुधारलं आणि तारा जळू लागल्या. लागोपाठ तीन. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर मधोमध तुटलेली. माझे मार्गदर्शक सर चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, “एकच उरलीय. बनवून देणारे आता आणखी देणार नाहीत. ही गेली तर विषय बदलू.” म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

मी सरळ एस्टी पकडून घरी आले. नागलीची मळणी चालली होती. विचारांच्या तंद्रीत मी चपलांसकट खळ्यात शिरले, आणि आई कडाडली.

“चपला काढ आधी! हात टेकलास का? शिकलीस म्हणून भुई हलकी झाली का गं?”

ओशाळून मी हात टेकला. सारवलेली जमीन गार लागली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिवाळा, एसीची कोरडी हवा, माझा नायलॉनचा ड्रेस! अंगावर साठलेली वीज पहिल्या वर्षी त्या पट्टीतून जमिनीत जात होती. आता ती माझ्या बोटांतून थेट तारेत शिरत होती.

“आये, तारा मीच जाळल्या गं!” मी ओरडले. तिला काही कळलं नाही. तिने माझ्या हातात सूप दिलं.

परत गेल्यावर मी सगळ्यांसमोर पट्टीला हात लावला, कपाळाला लावला, पुन्हा पट्टीला लावला आणि शेवटची तार जोडली. कोणी हसलं का, मी पाहिलं नाही. तार जगली. कितीही गार केली तरी रोध थोडा उरतच राहिला. सरांनी आलेख पाहिला आणि स्वतः चहा सांगितला. त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांसाठी मनगटाला बांधायचे अर्थिंगचे पट्टे मागवले.

प्रबंध छापून आला तेव्हा तो घेऊन घरी गेले. आभाराच्या पानावर पहिलं नाव आईचं होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं, तारा कशा जळल्या आणि शेवटची कशी वाचली तेही सांगितलं.  मी प्रबंध पुढे केला तर ती घेईना. आधी हात पदराला पुसले, वाकून भुईला टेकवले, कपाळाला लावले.

“दे आता,” म्हणाली. “नायतर तुझी तार जळायची.”