दादाची टोपी आणि मॅडमची कुलपं

बिअरच्या त्या कारखान्यात वयाने मोठी माणसं बरीच होती, पण साहेबांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे ज्याला दादा म्हणायचे असा एकच होता. शाळेत सातवीपर्यंत गेला, तेही मास्तरांवर उपकार म्हणून, असं तो स्वतःच सांगायचा. वडील गेल्यावर बाटल्या धुवायच्या खात्यात चिकटला आणि तिथून तळघरात आला. तिथे स्टीलच्या मोठाल्या टाक्या आडव्या पडलेल्या असतात आणि त्यात बिअर मुरते. टाकी रिकामी झाली की माणसाने पुढच्या झाकणातून आत सरपटत जायचं आणि तळाला चिकटलेला गाळ ब्रशने खरवडून काढायचा.

"या टाक्या मला पावलांवरून ओळखतात," दादा म्हणायचा. "दुसरा कुणी आत गेला तर गाळ सोडत नाहीत."

धाकट्या भावालाही त्यानेच तळघरात लावलं. त्याला सायकल दादाने शिकवली, दाढी करायला दादाने शिकवली, टाकीत उतरायलाही दादानेच. धाकट्याला काही चांगलं जमलं की दादा छाती पुढे काढायचा आणि नाही जमलं की चारचौघांत त्याची सालटी काढायचा. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा.

टोपीची पद्धत दादाचीच. टाकीत कुणी गेलं की जाताना आपली टोपी झाकणाच्या मुठीला अडकवायची. टाकी धुणारा पंपवाला ओळीने येतो, उघडी झाकणं लावतो, मग नळ्यांतून आधी गार पाणी सोडतो आणि त्याच्यामागून सोड्याचं उकळतं पाणी, जे अंगावर पडलं तर कातडी शिल्लक ठेवत नाही. मुठीला टोपी दिसली की त्याने त्या टाकीला हात लावायचा नाही. एवढं सोपं. दादाने हे काढलं तेव्हा आधीच्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती आणि त्या जागी त्याला अजून गुदगुल्या होत.

मग मॅडम आल्या. कारखान्यात कुठे कुठे धोका आहे ते शोधायचं, असं त्यांचं काम. हातात एक चिवचिवणारं यंत्र. टाकीच्या तळाशी जड वायू साचलेला असला की ते ओरडायचं. दादा वायू नाकाने ओळखायचा, त्यामुळे त्याने यंत्राचं नाव रडकं बाळ ठेवलं.

"इथे काय काय होऊ शकतं ते तुम्हीच सांगा मला," मॅडम म्हणाल्या.

"काही होऊ शकत नाही. मी आहे ना."

"आणि ती टोपी कुणी काढली तर?"

"का, टोपीला पाय फुटतात?" दादा म्हणाला आणि सगळं तळघर खो खो हसलं. धाकटा सगळ्यात मोठ्याने.

मॅडमचं म्हणणं, प्रत्येकाला स्वतःचं कुलूप द्यावं. आत जायच्या आधी पंपाच्या खटक्याला ते लावायचं, किल्ली आपल्या खिशात, आपण बाहेर येईपर्यंत पंप चालूच होणार नाही. दादाने त्यांना कुलूपबाई म्हणायला सुरुवात केली. साहेबांनाही टोपीच बरी वाटली. कुलपं राहिली कागदावर.

कपडे धुवायला न्यायच्या दिवशी एक म्हातारबाबा गाठोडं घेऊन खात्याखात्यांतून फिरायचे. त्यांना सगळे गाठोडेकाका म्हणायचे. नेहमी ते पाळी सुटल्यावर यायचे. त्या दिवशी धोब्याची गाडी लवकर आली म्हणून लवकर आले. मुठीला एक ओली, मळकी टोपी लटकलेली दिसली. विसरला असेल कुणीतरी, असं म्हणून त्यांनी ती उचलून गाठोड्यात टाकली आणि पुढे गेले.

पंपवाला आला. टोपी नाही. त्याने झाकण लोटलं, आवळलं आणि पाणी सोडलं.

आत, पार दुसऱ्या टोकाला, पाठमोरा धाकटा खरवडत होता. उजेड गेला. मग वरून पाणी. गार होतं. त्याच्यामागून काय येणार ते त्याला चांगलं माहीत होतं. त्याने ब्रशचा दांडा स्टीलवर आपटायला सुरुवात केली. पंपवाल्याला वाटलं, नळीत हवा धरलीय. ठोके थांबेनात तेव्हा त्याने सोड्याच्या चावीवरचा हात काढला.

झाकण उघडलं तेव्हा धाकटा चिंब भिजून बाहेर पडला आणि फरशीवर बसूनच राहिला. दात वाजत होते.

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंपवाल्याला त्याने भिंतीला टेकवला. गाठोडं उपसून टोपी निघाली तेव्हा गाठोडेकाकांना धरलं.

"डोळे कुठे गहाण टाकलेत? मुठीवरची टोपी कुणी उचलतं का?"

"मळकी होती रे दादा," म्हातारा म्हणाला. "मळकं दिसलं की उचलायचं, एवढंच सांगितलंय मला."

दादाने सगळ्यांना दम भरला. "भाजलं का कुणी? मेलं का कुणी? नाही ना? मग ही गोष्ट या तळघराबाहेर जायची नाही."

पण गेली. दुसऱ्याच दिवशी धाकट्याने मॅडमना सगळं सांगितलं, आणि ते दादाला पंपवाल्याकडून कळलं. घरी येऊन त्याने चपला भिरकावल्या.

"मला न विचारता त्या बाईकडे गेलास? तळघराचं नाव घालवलंस. माझं नाव घालवलंस."

"मी टोपी लावली होती," धाकटा म्हणाला. "तू शिकवलंस तशीच. आणि तरी झाकण लागलं."

"त्या पंपवाल्याला आत डोकावता येत नव्हतं?"

"तो टोपीच बघतो. ते पण तूच शिकवलंस."

दादाचा हात वर गेला. तो हात तिथेच अडकला, कारण मध्ये त्याची बायको येऊन उभी राहिली होती.

"मारा," ती म्हणाली. "तेवढंच राहिलंय. कालपासून भावजी आंघोळ करताना दार लावून घेत नाहीत. दार उघडं म्हणून मला स्वयंपाकघरातून हलता येत नाही आणि त्यांना कडी लावता येत नाही. ते बघितलंत का तुम्ही?"

दादाने बघितलं नव्हतं. धाकट्याने मान खाली घातली होती, लहानपणी गणित चुकलं की घालायचा तशी. दादाला बायकोचा राग आला, दाराचा आला, कडीचा आला. जेवण तसंच ठेवून तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि तिथल्या बंद दुकानाच्या फळीवर बसून राहिला. कुणी ओळखीचं हाक मारून गेलं तर त्याच्यावरही खेकसला.

साहेबांनी बैठक बोलावली. लांब टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि मॅडम, दुसऱ्या बाजूला तळघरातली माणसं, आणि कोपऱ्यात एका खुर्चीच्या अगदी कडेवर गाठोडेकाका. म्हाताऱ्याच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"दादांची पद्धत चोख आहे," साहेब म्हणाले. "इतकी वर्षं चालली. एका माणसाच्या बेपर्वाईने गडबड झाली. त्या माणसाला आपण काढतोय. विषय संपला."

मॅडम काहीतरी बोलायला गेल्या. साहेबांनी हाताने थांबवलं.

दादाने नुसतं गप्प बसायचं होतं. बसला असता तर त्याचं नाव आहे तिथे राहिलं असतं, वर साहेबांची शाबासकी. त्याने गाठोडेकाकांकडे पाहिलं. म्हातारा विरोधही करत नव्हता, नुसती मान हलवत होता, जणू कुणी कपडे मोजून देतंय. त्या मान हलवण्याचीच दादाला चीड आली, आणि तो उठला.

"साहेब, मला चोख म्हणालात, बरं वाटलं. मला कुणी चोख म्हणालं की बरं वाटतंच. पण या म्हाताऱ्याला ठेवलाय कशाला? मळकं उचलायला. त्याने मळकं उचललं. त्याचं काम त्याने केलं."

"दादा, बसा. तुमच्या भल्याचंच बोलतोय मी."

"माझं भलं मी बघतो. टोपीची पद्धत कुणी काढली? मी. या अख्ख्या कारखान्यात दुसऱ्या कुणाच्या डोक्यातून निघाली असती का? नाही. मग चुकली ती पण माझीच. माझी वस्तू दुसऱ्याच्या नावावर चढवलेली मी खपवून घेत नाही. उद्या टोपी वाऱ्याने पडेल, मग कुणाला काढणार? वाऱ्याला?"

कुणीतरी फिसकन हसलं. दादाने त्याच्याकडे असं पाहिलं की हसू तिथल्या तिथे विझलं.

"माझा भाऊ त्या टाकीत दांडा आपटत होता," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. मग लगेच चढला. "म्हाताऱ्याला हात लावायचा नाही. आणि कुलपं येईपर्यंत माझा एकही माणूस टाकीत उतरणार नाही."

"म्हणजे काम बंद?"

"टाक्या बंद. आम्ही येऊ, हजेरी लावू, बसू. मला काढायचं असेल तर काढा. मग गाळ तुम्ही खरवडा, मी झाकणाशी उभा राहून शिकवतो."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. दादा तेवढ्यावर थांबला नाही, मॅडमकडे वळला.

"आणि तुम्ही. मी हसलो तेव्हा गप्प बसलात. माझ्याशी भांडायचं होतं."

"भांडले असते तर ऐकलं असतं तुम्ही?"

"नाही. पण भांडायचं होतं."

साहेबांनी दोनदा निरोप पाठवला, एकदा धमकीचा, एकदा गोडीचा. दादा हलला नाही. टाक्या भरेनात, तशी कुलपं आली. गाठोडेकाका होते तिथेच राहिले. आता कपडे न्यायला आले की ते तळघराच्या दाराबाहेरूनच हाक मारतात.

मॅडमनी आत न्यायला दिवे दिले आणि आणखी एक नियम घातला. आत माणूस असेपर्यंत झाकणाशी दुसऱ्याने बसायचं आणि आतल्याला बोलतं ठेवायचं. आवाज थांबला की शिट्टी.

पहिल्यांदा आत कोण जाणार यावर चर्चा झालीच नाही. दादाने खटक्याला आपलं कुलूप ठोकलं, किल्ली खिशात घातली, रडक्या बाळाचं ऐकून घेतलं आणि आत सरपटला. झाकणाशी धाकटा बसला. इतक्या दिवसांत दोघं एकमेकांशी धड बोलले नव्हते.

"दादा, बोल."

"काय बोलू?"

"काहीपण. गप्प बसलास तर मला शिट्टी मारावी लागेल."

आतून खरवडल्याचा आवाज आला आणि त्याच्यामागून दादाचं तोंड सुटलं. साहेबांना अक्कल कशी नाही, कुलपं किती हलकी आणली आहेत, पंपवाल्याला सासरच्यांनी मुलगी काय बघून दिली, सगळं टाकीत घुमून बाहेर येत होतं. मग गाडी धाकट्यावर आली. मोठ्या भावाला न विचारता परक्या बाईकडे जातोस, माझ्या जिवावर मोठा झालास आणि माझ्याच डोक्यावर बसतोस, घरी चल, बघतोच तुला.

"हो," धाकटा म्हणाला. "बोलत राहा."

तो झाकणात डोकं घालून, आतल्या दिव्याच्या उजेडात हलणारी भावाची पाठ बघत, प्रत्येक शिवीला हो म्हणत राहिला.