बिल्ला आणि रापणीतला वाटा

माझी नोकरी प्राथमिक शाळेत झाली, त्यामुळे अर्धं आयुष्य बिल्ले लावण्यात गेलं असं म्हटलं तरी चालेल. वर्गप्रमुख, स्वच्छता मंत्री, सहल मंत्री, आणि पंधरा ऑगस्टला तर सगळ्यांच्याच खिशांवर कागदी झेंडे. बिल्ला लावला की मूल कसं बदलतं ते मी जवळून पाहिलंय. स्वच्छता मंत्री पहिले आठ दिवस स्वतः वाकून कागद उचलतो. नवव्या दिवसापासून तो इतरांना उचलायला लावतो आणि स्वतः कमरेवर हात ठेवून उभा राहतो. एवढं माहीत असूनही साठी उलटल्यावर मी स्वतःच्या खांद्यावर बिल्ला लावून गावभर हिंडले, ते कसं, ते सांगायचं आहे.

घर समुद्राला लागून. मालक, म्हणजे आमचे हे, जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. मागची खोली रिकामी होती म्हणून भाड्यानं द्यायची ठरवली, तर मालवणातल्या एका खाजगी दवाखान्यातली नर्स बघायला आली. मिझोरामची. चोवीस-पंचवीस वर्षांची, बारीक अंगाची, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. तिचं हिंदी आणि माझं हिंदी, दोन्ही सारखीच लंगडी, त्यामुळे आमचं लगेच जमलं. पहिल्या महिन्यात ती मला आंटी म्हणायची. मी म्हटलं, इथे आंटी चालायची नाही, काकी म्हण. मी तिला बाय म्हणत असे, आमच्याकडे लेकीबाळींना म्हणतात तसं.

पोरगी कामसू, पण मुखदुर्बळ नव्हती. सकाळी बिनदुधाचा, भरपूर साखरेचा चहा घेऊन पायरीवर बसायची आणि तिच्या भाषेत देवाची गाणी म्हणायची. आवाज असा, की शेजारीण भांडी घासायची थांबून ऐकायची आणि मी विचारलं की "नाय गो, पाणी इला काय बघतंय" म्हणायची. बायच्या आईनं घरून आंबवलेले बांबूचे कोंब पाठवले होते. डबा उघडला आणि मी नाकाला पदर लावला. ती म्हणाली, "काकी, तुमच्या सुक्या बांगड्याक मी कधी नाक धरलंय?" मालवणी ती असं माझंच बोलणं माझ्यावर उलटवत शिकली. दोन वर्षांत इतकी शिकली, की भाजीवालीशी माझ्यापेक्षा जास्त घासाघीस करायची.

दवाखान्यात मात्र सगळंच गोड नव्हतं. एखादी म्हातारी इंजेक्शनाला हात पुढे करायची, वर मान करून हिचा चेहरा बघायची आणि हात मागे घेऊन म्हणायची, दुसऱ्या सिस्टरला बोलवा. रस्त्यात पोरं "ए नेपाळी" करायची. ती घरी येऊन हे सांगायची ते हसत, नकला करून. मीही हसायचे. आता वाटतं, त्यातलं निम्मं हसू ती माझ्यासाठी आणत असावी.

त्याच सुमारास कुठल्याशा शहरात तिच्याकडच्या एका विद्यार्थ्याला चेहऱ्यावरून हिणवून मारहाण झाली. माझ्या मुलाच्या ऑफिसात त्याचा निषेध म्हणून सगळ्यांनी आठवडाभर बिल्ले लावले आणि त्यातले दोन त्यानं माझ्या औषधांच्या पार्सलात घालून पाठवले. गोल, पत्र्याचे, दोन वेगळ्या रंगांचे हात एकमेकांत गुंफलेले, खाली "आपण सगळे एक". मी एक तिच्यापुढे धरला. तिनं उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. म्हणाली, "माका नको काकी. माझो चेहरो आसा ना लावलेलो. तुमी लावा."

मी लावला. पदराला पिन लावते तिथेच, डाव्या खांद्यावर. दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात एकीनं विचारलं, "बाई, ह्यां काय गो लावलंस?" मग काय, मला वर्गच मिळाला. टोपलीतली सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत राहिली आणि मी तिला देश, माणुसकी, चेहरामोहरा सगळं समजावून सांगितलं. ती शेवटी म्हणाली, "बरां हां, सुंगटां घेतंस मा?" मला तेव्हा बरं वाटायचं, हे लपवत नाही. आपण इतरांहून चार अंगुळं वर आहोत असं वाटायचं.

आणि बिल्ल्याचा उपयोग झालाच नाही असंही म्हणवत नाही. एकदा एसटीनं कुडाळला जात होते. शेजारच्या बाकावर दोन आसामी मुलगे होते, तिथल्या एमआयडीसीत कामाला असणारे. त्यातला एक बराच वेळ माझ्या खांद्याकडे बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, मी सांगितलं. कुडाळ आल्यावर माझी नारळांची पिशवी उचलून त्यानं रिक्षापर्यंत आणली आणि जाताना वाकून नमस्कार केला. इकडे कामाला आल्यापासून कुणी आपल्या बाजूचं आहे हे त्याला पहिल्यांदाच दिसलं असावं. घरी येऊन मी हे बायला सांगितलं तेव्हा तिनं माझ्या ताटात जास्तीचा भात वाढला.

मग तो रविवार आला. थंडीचे दिवस होते. आमच्या किनाऱ्यावर अजून रापण लागते. पहाटे होडी मोठं जाळं अर्धगोल टाकत जाते आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरच्या माणसांनी दोन-दोन तास ओढायच्या. ओढायला माणसं लागतात, म्हणून जुना रिवाज असा, की दोरीला ज्यानं हात लावला त्याला वाटा. मग तो रापणकर असो, शेजारच्या वाडीतला असो, नाहीतर वाटसरू. मुंबईचे पर्यटक फोटो काढण्यापुरती दोरी धरतात, तेसुद्धा चार तारल्या घेऊन जातात. हे मी बायला कौतुकानं सांगितलं होतं, आणि तिला सुट्टी असल्यानं ती म्हणाली, मीही येणार.

ती फोटोपुरती आली नव्हती. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, टाचा वाळूत रोवून ती शेवटपर्यंत ओढत होती. मी पाच मिनिटांत दमून बाजूला बसले होते, पण मला म्हातारी म्हणून सूट. जाळं आलं, बांगडे बऱ्यापैकी लागले होते. वाळूत छोटे छोटे ढीग पडले. वाटे घालणारे माझे चुलत दीर. ते एकेकाकडे बघत ढीग सरकवत होते. माझा ढीग आला. बायपाशी आल्यावर ते थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "हेंका कित्याक बांगडे? ही कुत्री खाणारी माणसां." आणि पुढच्याकडे सरकले.

हसू फुटलं. फार मोठं नाही, दहा-बारा माणसांचं, सकाळचं, दमलेलं हसू. त्यात माझे विद्यार्थीही होते. माझ्या खांद्यावर बिल्ला होता. मी काय केलं ते बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. माझा उजवा हात आपोआप वर गेला आणि मी पदर ओढून बिल्ल्यावर घेतला. वारा होता म्हणून, असं मी स्वतःला कितीदा सांगून पाहिलं. वारा मुळीच नव्हता. सगळे माझ्याकडे बघतील, बाई आता काय बोलतात म्हणून वाट बघतील, दीर दुखावतील, वर्षभर घरी येणार नाहीत, एवढं सगळं त्या एका क्षणात मनात येऊन गेलं. आणि पदर सरळ करताना मी तिच्याकडे पाहिलं, तर ती माझ्या हाताकडेच बघत होती.

नंतर मी काय केलं, तर आम्ही सगळे करतो तेच. गुपचूप माझ्या ढिगातले निम्मे बांगडे तिच्या पिशवीत टाकले. आमच्याकडे भांडण न करता न्याय करायची हीच पद्धत आहे, आपल्यातलं थोडं द्यायचं आणि विषय मिटवायचा. तिनं समुद्रात हात धुतले. तळवे सोलले होते. घरी आल्यावर तिनं पिशवी माझ्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "काकी, तुमच्या वाट्यातलां नको. दोरी मी ओढलंय." आवाज चढवला नाही. त्या दुपारी ती वरणभात जेवली.

त्यानंतर ती बदलली असं म्हणता येणार नाही. बोलायची, चहा करायची, माझ्या गुडघ्याला तेल चोळायची. फक्त नकला करून दाखवायची थांबली. दवाखान्यात काय झालं हे तिनं मला परत कधी सांगितलं नाही. मे महिन्यात तिला मिझोरामात, तिच्या घराजवळच्या मोठ्या इस्पितळात जागा मिळाली. कुडाळ स्टेशनवर सोडायला मी गेले. गाडीला उशीर होता, चाळीस मिनिटं होती माझ्याकडे. मी बरोबर बांधून दिलेल्या आंबोशीबद्दल बोलले. कोकमं कोरडी ठेव, बुरशी येते, हे दोनदा सांगितलं. जे बोलायचं होतं ते जिभेवर होतं, पण गाडी आली आणि ती मोठी बॅग घेऊन चढली. खिडकीतून तिनं हात बाहेर काढला, मी तो धरला, आणि इतकंच.

मला तिची आठवण येते हे सांगायला लाज कसली? पोटच्या मुलाची येते त्याहून थोडी जास्तच येते, कारण तो दर गणपतीला येतो. खोली मी पुन्हा भाड्यानं दिली नाही. सकाळी पायरीवर कुणी नसतं. मागच्या पावसात मी बांबूचे कोंब आणून बरणीत आंबवून पाहिले, तिच्या आईसारखे जमले नाहीत, वास मात्र तोच आला आणि मी बरणी कितीतरी वेळ उघडीच ठेवली. मुलगा फोनवर म्हणाला, आई, अजून बिल्ले पाठवू का? इकडे काही लोक म्हणतात, त्यानं काही होत नाही, नुसता देखावा. मी त्याला म्हटलं, त्यांना सांग, होतं. बिल्ला नसता तर त्या दिवशी मी तशीच गप्प बसले असते आणि घरी येऊन बिनघोर बांगडे तळले असते, बाकीच्यांसारखी. तो होता म्हणून मी काय झाकलं ते मला कळलं, आणि तिलाही कळलं. तिला नसतं कळलं तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं. पाठवू नकोस, म्हटलं, माझे दोन पुरेत.

चतुर्थीला दीर आले. मोदक खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "भावजी, त्या दिवशी तुमी तिचो वाटो कापलास." त्यांना क्षणभर आठवेना. मग म्हणाले, "वयनी, ती गंमत होती." मी म्हटलं, "तुमी गमतीन बोललास, मी गमतीन गप रवलंय. तिका कोणी इचारलां गंमत वाटली काय?" घरात सुना होत्या, नातवंडं होती, सगळ्यांसमोर बोलले. त्यांनी हात धुतले आणि चहा न घेता गेले. मी दीड वर्ष उशिरा बोलले होते, तरी त्या दुपारी मला गाढ झोप लागली.

गेल्या महिन्यात रापणीला गेले. बाजूच्या हॉटेलातल्या नेपाळी आचाऱ्याची बायको पोराला वाळूत बसवून दोरी ओढत होती. वाटे घालताना दीर तिच्यापाशी आले, थांबले, आणि चांगला मोठा ढीग तिच्यापुढे सरकवला. मग माझ्याकडे बघितलं. झालं ना, असं. मी तिथूनच बायला फोन लावला. एरवी आमचं बोलणं सणावारी, तब्येतीपुरतं. त्या दिवशी मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं, चतुर्थीचं, ढिगाचं, आणि शेवटी तेही, जे स्टेशनवर राहिलं होतं. की वारा नव्हता, बाय. मी मुद्दाम झाकला.

 ती म्हणाली, "माका म्हायत होतां, काकी." आणि मग विचारलं, "त्या बाईचां नाव काय?"

मला माहीत नव्हतं. सहा महिने ती माझ्या कुंपणापलीकडे राहत होती, तिच्यासारख्या परक्या पोरीच्या वाट्यासाठी मी घरातल्या माणसाशी वाकडं घेतलं होतं, आणि मी तिला आचाऱ्याची बायको म्हणत होते.

"इचारून येवा," बाय म्हणाली, "मगे फोन करा." आणि तिनं ठेवला.

ती बाई हॉटेलाच्या मागच्या पाण्याच्या टाकीपाशी बांगडे साफ करत बसली होती. मी जाऊन तिच्यासमोर उकिडवी बसले आणि विचारलं. तिनं सांगितलं, लाजली, आणि मग माझं विचारलं. घरी येऊन मी पुन्हा फोन लावला. तो वाजत होता, आणि मला एवढंच हवं होतं, की तिनं तो उचलावा.